बिडाच्या जुन्या टबाला इपॉक्सी रंग: कामाच्या नोंदी

२ नोव्हेंबर

टब कशाचा आहे हे आधी पक्कं केलं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. लोहचुंबक चिकटलं, म्हणजे अ‍ॅक्रिलिक किंवा फायबर नाही. बोटाच्या पेराने ठोकल्यावर बद्द आवाज आला. पत्र्याचा असता तर खणखणला असता. म्हणजे टब बिडाचा आणि त्यावर एनॅमल. एनॅमल म्हणजे सुमारे ८०० अंशांना वितळवून लोखंडावर बसवलेली काच. गुळगुळीत काचेवर कुठलाच रंग मनापासून धरत नाही, आणि या कामातली खरी अडचण एवढीच आहे.

टब बदलावा का, हा विचार झाला. बिडाचा टब शंभर किलोंच्या वर जातो, तो बाहेर काढायचा तर दार, फरशी, भिंतीच्या टाइल्स सगळ्यालाच हात लागणार. शिवाय टबाला आरपार भोक नाही, कुठे तडा नाही. खराब झालंय ते फक्त वरचं.

वरचं म्हणजे आधी कुणीतरी मारलेला पांढरा रंग. त्याचे पोपडे निघतायत, पण सगळीकडे नाही. आज खरवडायला घेतलंच नाही, नुसती बॅटरी आडवी धरून तो रंग कुठे सुटलाय ते पाहिलं. चार जागा सापडल्या. निचऱ्याच्या जाळीभोवती, जिथे कडा उचलल्या गेल्यायत. नळाच्या तोंडाखाली, जिथे थेंब पडतो तिथे लांबट पट्टा. भिंतीच्या बाजूच्या काठावर, सिलिकॉनला लागून. आणि तळाशी सारख्या अंतरावर गोल गोल चकत्या, प्रत्येक साधारण रुपयाएवढी. या चकत्यांचा उलगडा व्हायला वेळ लागला. खाली शोषकपेल्यांची रबरी चटई घातलेली असणार. चटई ओढून काढताना प्रत्येक पेल्याने आपल्याबरोबर रंग उचलला.

एक पोपडा नखाने उचलला तर खालचं एनॅमल आरशासारखं चकचकीत. म्हणजे घासलंच नव्हतं. हा जुना रंग मी नकाशा म्हणून वापरणार आहे. तो जिथे सुटला तिथेच नवाही आधी सुटेल, त्यामुळे प्रत्येक जागेचं कारण काढल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

४ नोव्हेंबर

जुना रंग काढायला सुरुवात. रंग उतरवायचं द्रावण वापरावं का, यावर बरंच वाचलं आणि मिथिलीन क्लोराइड असलेलं काहीही वापरायचं नाही असं ठरवलं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००० ते २०११ या काळात टब रंगवायचं काम करणाऱ्या किमान १३ जणांच्या मृत्यूची नोंद आहे, आणि ते या एकाच रसायनाने. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती टबातच साचते, आणि खरवडणाऱ्या माणसाचं डोकं नेमकं टबात वाकलेलं असतं. तिकडे २०१९ पासून असं द्रावण सामान्य ग्राहकांना विकायला बंदी आहे. जिथे ते अजून मिळतं तिथे डब्यावरची घटकांची यादी वाचा. साधा कापडी मास्क किंवा उघडी खिडकी या वाफेपुढे पुरत नाही.

म्हणून पात्याने खरवडणं. पातं जवळजवळ आडवं धरलं की सुटलेला रंग पापुद्र्यासारखा निघतो. उभं धरलं की पातं एनॅमलवर घसरतं आणि ओरखडे पाडतं. जिथे रंग घट्ट होता, म्हणजे पाठीच्या उतारावर, तिथे मात्र तासाला वीतभर जागा अशी गती होती. तिथे पात्याचा नाद सोडून ८० नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी मारत मारत, घासून काढला.

पाणी मारणं हा सोयीचा प्रश्न नाही. जुन्या एनॅमलमध्ये आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासलं तर ती धूळ घरभर जाते. ओलं घासा, चिखल पुसून पिशवीत बांधा, तोंडावर पी१०० (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा मास्क लावा आणि लहान मुलांना त्या खोलीत काम संपेपर्यंत येऊ देऊ नका.

७ नोव्हेंबर

निचऱ्याची जाळी काढायला घेतली आणि अख्खा दिवस तिथेच गेला. जाळीच्या आत पितळी फुली असते, तिच्यात चावी अडकवून फिरवायचं. चावी बसली, जोर लावला, आणि फुलीची एक दांडी तुटली. दुसरी पण तुटली. जुनं पितळ आतून कुजलेलं असतं, वरून कळत नाही.

उपाय: हॅक्सॉचं सुटं पातं कापडात धरून, जाळीच्या आतून कडेला खाच पाडत नेली. एक खाच पाडायची, खालचे आटे दिसायला लागायच्या आत थांबायचं, मग समोरच्या बाजूला दुसरी. त्यानंतर छोट्या छिन्नीने कड आत दाबली, तशी जाळी सैल झाली. आट्यांना धक्का लागला नाही हे महत्त्वाचं, नाहीतर खालचा पाइपच बदलावा लागला असता. गंज सोडवायचं तेल मी वरून मारलं नाही. टबाच्या पृष्ठभागावर तेल सांडलं तर ते गंजाच्या छिद्रांत मुरतं आणि नंतर रंगाखालून वर येतं. खालून, पाइपच्या बाजूने, चिंधीने लावलं.

जाळीखाली काय होतं तर गंजाचं पूर्ण कडं. जुना रंग जाळीच्या कडेपर्यंत आणून सोडला होता. कडेखालून पाणी शिरत राहिलं, लोखंड गंजलं, गंज फुगला आणि त्याने रंग उचलला. पहिल्या जागेचं कारण मिळालं. नवा रंग छिद्राच्या ओठावरून आत वळवायचा आणि जाळी त्याच्यावर बसवायची. जाळीभोवती मास्किंग टेप लावून रंगवणं म्हणजे तोच प्रकार पुन्हा. वरच्या सांडव्याची, म्हणजे जादा पाणी वाहून जायच्या छिद्राची, चकतीही काढून ठेवली.

नळाचा वायसर बदलला. गळती थांबली तरी तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधली, कारण रंग ओला असताना एक थेंब पुरेसा आहे.

८ नोव्हेंबर

भिंतीकडचं सिलिकॉन. हे घासायच्या आधी काढायचं, हा क्रम चुकवू नका. वॉटर पेपर सिलिकॉनवरून गेला की तो त्याचा अदृश्य थर टबभर पसरवतो. पात्याने मोठा भाग निघाला, उरलेला सिलिकॉन काढायच्या जेलने मऊ करून प्लॅस्टिकच्या पट्टीने. अ‍ॅसिटोन सुकलेल्या सिलिकॉनला विरघळवत नाही. नुसतं पुसल्यासारखं वाटतं.

९ नोव्हेंबर

स्वच्छता. आधी क्षार: सायट्रिक आम्लाचं गरम पाणी, कापड भिजवून नळाखालच्या पट्ट्यावर पसरून ठेवलं. क्षाराचा थर फेसाळत सुटला आणि खाली चकचकीत एनॅमल दिसलं. म्हणजे नळाखाली रंग क्षारावर मारला होता आणि क्षारच सुटला. दुसरं कारण मिळालं. मग भरपूर पाणी, आणि त्यानंतर साबण, चरबी काढणारं द्रावण, पुन्हा पाणी. आम्ल आणि ब्लीच एकमेकांजवळसुद्धा येऊ देऊ नका, क्लोरिन वायू तयार होतो आणि बाथरूम लहान असतं.

रंगाच्या संचाबरोबर काचेला खरखरीत करणारं आम्ल आलं होतं. बाटलीवर हायड्रोफ्लोरिक आम्ल लिहिलंय. ते मी उघडलं नाही. हे आम्ल कातडीतून आत शिरतं आणि शरीरातल्या कॅल्शियमवर जातं. सौम्य असेल तर त्या क्षणी भाजल्यासारखं वाटतही नाही, दुखणं तासांनी सुरू होतं. त्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल तर ते आम्लही हातात घेऊ नये. जे काम ते आम्ल करतं ते वॉटर पेपरही करतो, फक्त मेहनत जास्त.

१० आणि ११ नोव्हेंबर

घासणं. सिलिकॉन कार्बाइडचा वॉटर पेपर, आधी १२० आणि मग २२०. सपाट भागाला लाकडी गुटक्यावर, कोपऱ्यांना बोटांवर गुंडाळून. कुठे घासलं आणि कुठे राहिलं हे ओल्या पांढऱ्या पृष्ठभागावर दिसत नाही. म्हणून टब कोरडा करून शिसपेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि रेघा जाईपर्यंत घासलं. तळाशी जिथे कोपरा वळतो तिथे रेघा हटून राहिल्या. तिथे तळहात पोचतो पण जोर पोचत नाही. त्या वळणाला एकट्याला जवळजवळ तळाएवढा वेळ लागला.

घासून झाल्यावर पाण्याची परीक्षा. स्वच्छ पाणी तांब्याने वरून सोडायचं आणि बघत बसायचं. पाणी अखंड पडद्यासारखं पसरलं तर पृष्ठभाग तयार. थेंब जमले, पडदा फाटला, तर तिथे अजून चिकटा किंवा सिलिकॉन आहे. माझा पडदा दोन ठिकाणी फाटला, पाठीच्या उतारावर आणि भिंतीकडच्या काठावर. उतार पुन्हा धुऊन घासल्यावर सुधारला. काठ सुधारल्यासारखा वाटला.

१२ नोव्हेंबर

टवके आणि गंजाचे खड्डे. निचऱ्याच्या ओठावर तारेच्या ब्रशने लोखंड पांढरं दिसेपर्यंत गंज काढला. खड्ड्यात काळा ठिपका राहिला तरी तो खालून काम करत राहतो. उघडं लोखंड दमट हवेत तासाभरात पुन्हा तांबूस होतं, म्हणून साफ केल्या केल्या इपॉक्सी लांबी भरली. लांबी थोडी वर ठेवायची आणि सुकल्यावर घासून पातळीत आणायची. काठ मिळाला का हे डोळ्यांना कळत नाही. डोळे मिटून बोट फिरवलं की केसाएवढी पायरीसुद्धा लागते. आणि बोटाला जी पायरी लागते ती चकचकीत रंगाखाली दुप्पट दिसते.

१४ नोव्हेंबर

रंगाचा पहिला हात.

अ‍ॅसिटोनने पुसून, कापड दर वेळी बदलून, मग धूळ पकडणाऱ्या चिकट कापडाने. पायलट (सतत पेटती छोटी ज्योत) जळत असलेला गॅस गीझर बंद, विजेची बटणंही आधीच. तोंडाला सेंद्रिय वाफांचा कार्ट्रिज असलेला मास्क, कारण धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. हातात नायट्राइलचे मोजे. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की जन्मभर राहू शकते, त्यामुळे हाताला रंग लागला तर तो अ‍ॅसिटोनने पुसायचा नाही, साबणाने धुवायचा. खिडकीत पंखा बाहेर तोंड करून.

इपॉक्सीचे दोन भाग, रेझीन आणि ते घट्ट करणारा हार्डनर, संचाच्या पत्रकात सांगितलेल्या प्रमाणात. प्रमाण मापाने दिलं असेल तर वजनकाटा वापरू नका, दोघांची घनता सारखी नसते. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालणं तर अजिबात नको. या दोघांची जोडी जुळायची असते, जे जास्त होतं ते कायमचं मऊ राहतं. एका डब्यात ढवळून झाल्यावर सगळं दुसऱ्या स्वच्छ डब्यात ओतलं आणि पुन्हा ढवळलं, म्हणजे पहिल्या डब्याच्या बुडाला आणि कडेला राहिलेलं न मिसळलेलं रेझीन रोलरवर येत नाही. मिश्रण लगेच पसरट ट्रेमध्ये. खोल डब्यात ते आपल्याच उष्णतेने तापतं आणि पत्रकातल्या वेळेच्या कितीतरी आधी घट्ट होतं.

आधी ब्रशने निचऱ्याचा ओठ, सांडवा आणि कोपरे. मग बारीक फोमच्या रोलरने भिंतीकडची बाजू, दोन टोकं, बाहेरची बाजू, आणि शेवटी तळ. पहिला हात इतका पातळ ठेवला की खालचं एनॅमल धुरकट दिसत होतं. मन म्हणतं अजून एक फेरा मारावा. तो मारला की उभ्या बाजूंना ओघळ येतात.

तासाभरात भिंतीकडच्या काठावर बारीक गोल खळगे उमटले, मधोमध एनॅमल उघडं. सिलिकॉन. पाण्याचा पडदा फाटला होता नेमकी तीच जागा. ओल्या रंगावर पुन्हा रंग लावून हे खळगे बुजत नाहीत, रंग पुन्हा मागे सरतो. तसंच सुकू दिलं. जुन्या रंगाचं तिसरं कारणही हेच होतं, आता पुरावा समोर आहे.

१५ नोव्हेंबर

सकाळी तळाला हात लावला तर चिकट, तेलकट. चकाकी गेलेली, वर पांढुरकी झाक. रात्री पाऊस पडून गेला होता.

हार्डनरमधलं अमाइन हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावतं आणि वर मेणासारखा थर येतो. रंग खाली घट्ट झालेला असतो, पण या थरावर दुसरा हात मारला तर तो दुसरा हात पोपड्यासारखा सुटणार. पाहिलं तर खोलीत हवा २४ अंश, आर्द्रता ८० टक्के. या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतला ओलावा थेंब होऊन बसतो तो, साधारण २० अंश येतो. टबाला थर्मामीटर लावला: २१. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम हवा, इथे जेमतेम एक. बिडाचं एवढं वजन खोलीबरोबर तापत नाही, ते तासन्‌तास मागे राहतं. फक्त खोलीचं तापमान पाहून काम सुरू करणाऱ्याला इथेच दगा होतो.

दुरुस्ती सोपी निघाली. हा थर पाण्यात विरघळतो. कोमट पाणी, थोडा साबण, नायलॉनची घासणी, मग स्वच्छ पाणी दोनदा. अ‍ॅसिटोनने पुसू नका, तो थर निघत नाही, पसरतो. धुऊन सुकल्यावरच घासायचं. आधी घासलं तर तोच चिकटा पेपरात भरतो आणि रंगात दाबला जातो.

१७ नोव्हेंबर

सगळा टब ३२० नंबरने हलका घासला. भिंतीकडचा काठ मात्र एनॅमलपर्यंत खाली नेला, जेलने पुन्हा पुसला, धुतला, १२० आणि २२० ने पुन्हा घासला. पाण्याचा पडदा या वेळी फाटला नाही.

हवा सुधारायची वाट पाहिली. हा वेळ वाया गेला असं मी म्हणणार नाही, तो कामातच धरावा.

२१ नोव्हेंबर

दुसरा हात. आदल्या रात्रीपासून खोलीत तेलाचा विजेचा रेडिएटर ठेवला, जेणेकरून बीड आतपर्यंत तापावं. गॅसची शेगडी किंवा गॅसचा हीटर नको. ज्योत ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही सोडते, म्हणजे ज्याच्याशी आपलं भांडण आहे तेच. शिवाय वाफा पेट घेऊ शकतात. अ‍ॅसिटोन उघडायच्या आधी रेडिएटर बंद करून खोलीबाहेर. हवा २५ अंश, आर्द्रता ५० टक्के, दवबिंदू १४ च्या आसपास, टब २४. आता दहा अंशांचं अंतर.

नव्या रोलरवर आधी चिकटपट्टी गुंडाळून ओढली, सुटे धागे तिच्यावर आले. रंग सारखा बसला. तळाच्या वळणावर एक ओघळ जमत होता, तो ओला असतानाच ब्रशच्या टोकाने उचलला. काठावर खळगे नाहीत. दार बंद, फटीला ओलं कापड.

२२ नोव्हेंबर

सकाळी कोरडा, चकचकीत, तेलकटपणा नाही. एक किडा चिकटलाय. आत्ता काढायचा नाही, पूर्ण घट्ट झाल्यावर घासून पॉलिश करता येतो.

३० नोव्हेंबर

पत्रकात एक आठवडा सांगितला होता, थोडं जास्तच थांबले. वास पूर्ण गेल्यावर निचऱ्याच्या आत, जिथे जाळी झाकणार आहे तिथे, नख दाबून पाहिलं. खूण उमटली नाही. हात लावून कोरडं लागणं आणि आतून पक्कं होणं यांत दिवसांचं अंतर असतं, आणि घाई करणाऱ्यांचे टब इथेच खराब होतात.

नवी जाळी बसवली. जाळी फिरवताना तिची कड रंगावर घासते, म्हणून कडेखाली रबरी वायसर आणि त्याला साबणाचं पाणी. हाताने घट्ट, मग पान्ह्याने जेमतेम पाव फेरा. भिंतीकडे नवं सिलिकॉन. पहिल्यांदा थंड पाणी भरलं, नंतर कोमट. खोलीच्या तापमानाला पक्कं झालेलं इपॉक्सी खूप गरम पाण्यात मऊ पडू लागतं, त्यामुळे कढत पाणी एकदम सोडत नाही. आधी थंड, मग गरम मिसळत.

खर्चाचं म्हणाल तर रंगाचा संच एकूण खर्चाच्या निम्म्याहून कमी. मास्क आणि कार्ट्रिज, ढीगभर वॉटर पेपर, जाळी, चावी, आर्द्रतामापक यांनी बाकीचं खाल्लं. मास्कवर मात्र काटकसर करू नका. आणि वेळ? रोलर हातात होता तो सगळा मिळून एका सकाळएवढाही नसेल.

१६ मार्च

जाळीभोवती कड नखाला लागत नाही. नळाखाली पट्टा नाही, काठ धरून आहे. चटई पुन्हा आणली नाही, तळाच्या चकत्यांचं कारण तेच होतं. धुवायला पातळ साबण आणि मऊ स्पंज, घासायची पावडर बंद.

गेल्या आठवड्यात शॉवरचं तोंड हातातून सुटलं आणि तळाला मसुराएवढा टवका उडाला. एनॅमल शाबूत आहे, लोखंड दिसत नाही. टवक्याच्या कडा २२० ने उतरत्या केल्या, धुतलं, सुकवलं. उरलेल्या रेझीन-हार्डनरमधून सुई नसलेल्या दोन सिरिंजने मोजून थोडंसं मिश्रण केलं, कारण एवढ्या लहान मापात डोळ्यांचा अंदाज चालत नाही. आगपेटीच्या काडीने दोन पातळ थर, मधे एक दिवस. बसलं चांगलं, पण ठिगळ आजूबाजूपेक्षा पांढरं दिसतंय. इपॉक्सी उजेडाने पिवळं पडतं आणि टबाच्या त्या टोकाला खिडकीतलं ऊन येतं. खिडकीला आज दुधी फिल्म लावली. दोन्ही डबे तारीख लिहून, झाकणाच्या कडा पुसून, पुढच्या टवक्यासाठी ठेवलेत.